सीटवरचा पाना

"तो शब्द आज कुणीही काढायचा नाही," झेंडूची पिशवी ओट्यावर रिकामी करत विनीतानं फर्मान सोडलं. "अनुया, हे तुला आहे. आणि प्रबोध, तुलासुद्धा."

"कुठला शब्द?" अनुयानं मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं.

"तुला चांगलं माहितीये कुठला."

"ओ, निकम?"

"बघा! काढलाच!"

"ममी, तू विचारलंस म्हणून बोलले, लाह. ती आली की नाही बोलणार. प्रॉमिस." वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'लाह' लावायची अनुयाची सवय होती.

शिंगट्यांच्या घरात हा शब्द मीठ-मिरचीसारखा रोजच्या वापरातला होता. दूध उतू गेलं की निकम. एमआरटीच्या ट्रेनमध्ये छत्री विसरली की निकम. बोपोडीला असताना प्रबोधनं दहावीच्या गणिताच्या पेपराचं शेवटचं पान न उलटताच उत्तरपत्रिका देऊन टाकली होती, तेव्हा त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत सुनावलं होतं, "तू निकमच होणार!" त्या दिवशी प्रबोध जेवला नव्हता. पुढे त्यानंच तो शब्द सिंगापूरला आणला आणि बिशानच्या या फ्लॅटमध्ये आपल्या लेकीच्या तोंडात घातला. शब्दांचं असंच असतं, ज्यानं मार खाल्ला तोच ते जपून ठेवतो.

निकम कोण, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. एकाहत्तर साली आप्पा लडाखात लष्कराच्या इंजिनिअर्सच्या एका कंपनीत डोझरचे फिटर होते. लढाई तोंडावर आली होती आणि बर्फ पडायच्या आत रस्ता पुढे न्यायचा होता. फिटरनं मशीन नादुरुस्त ठरवलं की स्वतःचा मोठा पाना ऑपरेटरच्या सीटवर ठेवायचा, ही त्या कंपनीची रीत. पाना सीटवर म्हणजे मशीन आजारी, कुणी हात लावायचा नाही, आणि तो उचलायचा हक्क एकट्या फिटरचा. महिपती निकम नावाच्या ऑपरेटरनं ही रीत मोडली, सीटवरचा पाना बाजूला सारून आजारी डोझर काढला आणि मशीनसकट नदीत गेला. तात्पर्य, शिस्त. आप्पांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की अनुयाला तिच्यातले स्वल्पविरामही माहीत होते.

आणि आता, बारा दिवसांपूर्वी, प्रबोध आंग मो किओच्या ऑफिसातून घरी आला तो बूटही न काढता म्हणाला होता, "आप्पा, जग किती लहान आहे बघा! माझ्या टीममध्ये जुलैत ती प्रणिता आली ना, कोरेगावची, तिचे आजोबा तुमच्या कंपनीत होते. लडाखात गेले, एकाहत्तरला. प्रणिता निकम!"

आप्पांच्या हातातला घास हातातच राहिला होता. विनीताला वाटलं, म्हातारा जुन्या आठवणीनं हळवा झाला. म्हणून तिनं मोठ्या मनानं त्या मुलीला खंडेनवमीला घरी बोलावून टाकलं. ती बिचारी एकटी, भाड्याच्या खोलीत राहते, सणाला कुठे जाणार? विनीताचं काहीच चुकलं नव्हतं. ती जे करी ते नेहमी बरोबरच असे, आणि आप्पांना त्याचाच कधीकधी त्रास होई.

"आप्पा," प्रबोध आता हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्हीही जरा सांभाळून. विचारलंच तिनं, तर म्हणा, चांगला माणूस होता, अपघात झाला. ते पान्याचं वगैरे नको. उद्या मला तिच्याबरोबर काम करायचंय."

"बरं," आप्पा म्हणाले.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली ब्लॉकसमोर रस्ता खणायचं काम चाललं होतं. पिवळा एक्स्कॅव्हेटर दोन दिवस बंद होता आणि त्याच्या दाराला लाल पाटी टांगलेली होती. या देशात मशीन आजारी पडलं की पाटी लावतात, वर कुलूप घालतात आणि किल्ली फिटरच्या खिशात जाते. आप्पा सकाळी फिरायला उतरले की त्या पाटीपाशी हमखास थांबत. तिथल्या तमिळ फोरमनला वाटे, या म्हाताऱ्याला मशीनचा भारी नाद आहे. एवढीशी पाटी असते, असं आप्पांच्या मनात येई. एवढ्याशा पाटीनं भागलं असतं.

शुभदा बुओना व्हिस्टाहून ऑफिस सुटताच तडक आली. खरं तर आजचा दिवस आप्पाच तिच्याकडे जाणार होते. "जरा लेकीकडे बदल," असं त्यांनी चार दिवसांपूर्वी जाहीर केलं होतं, आणि शुभदानं फोनवर साफ सांगितलं होतं, "नाही आप्पा. मीच तिकडे येते." आल्या आल्या ती वडिलांच्या खोलीत शिरली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आप्पा पलंगावर बसून पाना पुसत होते. हातभर लांबीचा, काळाभोर, मुठीपाशी गुळगुळीत झालेला पाना. दर महिन्याला त्याला तेल लागे. वापरलेला मात्र तो घरातल्या कुणीही कधी पाहिला नव्हता.

"पळून चालला होतात," शुभदा म्हणाली.

"कोण पळतंय? सत्तर मीटर पळालो तर दम लागतो मला."

"आप्पा, आईनं मला सांगितलंय."

पुसणारा हात थांबला. सुनेत्राला जाऊन तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर पहिल्याच खंडेनवमीला आप्पांनी तिला सगळं सांगितलं होतं. त्या एका माणसापुढे ते खोटं बोलू शकले नव्हते. ती तेव्हा फक्त एवढंच म्हणाली होती, "त्या बाईला कळवा." पुढे जवळजवळ दर वर्षी म्हणत राहिली, आणि मग म्हणेनाशी झाली.

"कधी सांगितलं?"

"हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, माझ्यानं त्यांच्याकडून ते करवलं नाही, तू बघ. मीही तीन वर्षं नुसती बघतच बसले. मला वाटायचं, तुमचं तुम्ही सांगाल."

"आता काय उपयोग, शुभे? झाली की चोपन्न वर्षं. त्या पोरीला काय कळणार? तिनं आजोबाला पाहिलंसुद्धा नाही. तिच्यासाठी तो भिंतीवरचा फोटो."

"आणि आपल्या घरात तो काय आहे? शिवी."

आप्पा पुन्हा पाना पुसू लागले. बाहेर विनीता अनुयाला रांगोळी नीट काढायला सांगत होती.

"दादाला माहीत आहे का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. प्रबोधला ते लेकीपुढे अजून 'दादा'च म्हणत.

"नाही. आणि त्याचीच मला भीती वाटते," शुभदा म्हणाली. "सगळ्यात जास्त त्यानं खाल्लंय ते."

प्रणिता सातच्या सुमाराला आली. सव्वीस वर्षांची, सडपातळ, पाठीवर ऑफिसची सॅक आणि हातात टेक्क्याच्या बाजारातून आणलेला पेढ्यांचा पुडा. आत येताच तिनं वाकून आप्पांच्या पायाला हात लावला. आप्पांनी पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता. तिचं कपाळ त्यांनी नीट पाहिलं. निकमचं कपाळ असंच रुंद होतं आणि टोपीची कड त्यावर कायम लाल रेघ ठेवी.

"आजीनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय," ती म्हणाली. "आजोबांच्या कंपनीतलं कुणी भेटलं, यावर तिचा विश्वासच बसेना. पूजा झाली की व्हिडिओ कॉल लाव म्हणालीये. चालेल ना?"

"अगं, चालेल काय, धावेल!" प्रबोधच बोलून गेला. आप्पा पूजेच्या तयारीकडे वळले.

हॉलमध्ये पाटावर लाल कापड अंथरलं होतं. त्यावर घरातली हत्यारं मांडलेली होती, म्हणजे आजकाल ज्यांच्यावर पोट चालतं ती. दोन लॅपटॉप, विनीताचा कॅल्क्युलेटर, विळी, स्क्रूड्रायव्हरचा संच, अनुयाची बॅडमिंटनची रॅकेट, शिवाय आप्पांचं पितळी टोपणाचं पेन. मधोमध तो पाना. प्रणितानं सॅकमधून आपला लॅपटॉप काढला आणि कडेला ठेवला. आप्पांनी एकेका वस्तूला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पान्यापाशी त्यांची बोटं जरा अडखळली, पण ते फक्त शुभदानं पाहिलं.

"आता उद्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही," नारळ ठेवता ठेवता ते सवयीनं म्हणाले. "हत्यारांचा आराम."

"आमच्याकडेही असंच असतं," प्रणिता म्हणाली. "आजी तर विळीसुद्धा देत नाही. भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवते."

सगळं सुरळीत चाललं होतं. आरती झाली. अनुयानं शब्द पाळला. प्रबोधची छाती जरा फुगली, आपण हा प्रसंग कसा छान हाताळला असा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला, आणि नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातून जळका वास आला.

"अगंबाई, शिरा!" विनीता पळाली.

"झालं!" प्रबोध हसत ओरडला. "केलास ना निकम!"

बोलून गेल्यावर त्याचा हात आपोआप तोंडावर गेला. बाण सुटला होता. अनुयानं डोळे मिटून घेतले.

"सर, काय म्हणालात?" प्रणितानं विचारलं.

"काही नाही, म्हणजे, ते आपलं..."

"पपा, जस्ट टेल हर, लाह," अनुया म्हणाली, आणि कुणी अडवायच्या आत तिनंच सांगून टाकलं. "ताई, आमच्या घरात तसं म्हणतात. कुणी केअरलेस वागलं की. सॉरी. आय नो इट्स बॅड."

विनीता उलथनं हातात घेऊन दारात उभी राहिली होती. प्रणितानं पाटावरच्या फुलाची एक पाकळी सारखी केली.

"असू दे," ती म्हणाली. "आमच्या घरी काही वेगळं नाही. कंपनीतून पत्र आलं होतं ना, स्वतःच्या बेशिस्तीमुळे मृत्यू म्हणून. बाबा तेव्हा आजीच्या पोटात होते. गावात पोरं त्यांना चिडवायची, तुझा बाप लढाईत नाही मेला, गाडी बुडवून मेला. बाबा आजोबांचा फोटो हॉलमध्ये लावू देत नाहीत. आजीच्या खोलीत आहे." ती किंचित हसली. "पण आजीला मात्र ते कधीच पटलं नाही. ती म्हणते, सुट्टीवर आले की रात्री दाराची कडी तीनदा ओढून बघायचे. असा माणूस बेशिस्त कसा असेल? बाबा म्हणतात, माणूस घरी वेगळा असतो, बाहेर वेगळा."

"नाही," आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बाहेरही तसाच होता."

"आप्पा," प्रबोध घाईघाईनं म्हणाला, "जाऊ द्या ना आता. जुनं आहे. विनीता, खायला घे."

"दादा, बोलू दे त्यांना," शुभदा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस, शुभदा."

"मी मध्येच आहे. तीन वर्षं आहे."

आप्पा खुर्चीत बसले नाहीत. हात मागे बांधून, पाय जुळवून ते पाटासमोर उभे राहिले. चोपन्न वर्षांपूर्वी साहेबांच्या तंबूत उभे होते तसेच. इतकी वर्षं मनात घोळवलेल्या भाषणाची त्यांना त्या क्षणी एक ओळही आठवली नाही. मग त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं.

"डोझरचा डावा ब्रेक गेला होता. माझ्याकडे सुटा भाग नव्हता, तो खालून यायचा होता. मी पाना सीटवर ठेवला. हाच पाना. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. साहेब म्हणाले, सगळी हत्यारं तंबूत आणा, पूजा झोकात झाली पाहिजे, उद्या-परवा लढाई लागेल. आम्ही सगळी मराठी पोरं, हौसेनं पळालो. माझ्याकडे हत्यार म्हणावं असं हेच. मी तो सीटवरून उचलला, डिझेलनं धुतला, पूजेत ठेवला."

"मग?" अनुयानं विचारलं.

"मग काय? पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. मला वाटलं, खंडेनवमीच्या रात्री मशीन कोण काढतंय? एक चिंधी बांधायची होती तिथे, प्रणिता. एक दगड ठेवला असता तरी चाललं असतं. मला सुचलंच नाही. आम्ही त्या दिवशी गूळ-खोबरं खाल्लं आणि गाणी म्हटली."

प्रणितानं पाटावरच्या पान्याकडे पाहिलं.

"पहाटे पुढे दरड आली. पलीकडे आमच्या गाड्या अडकल्या. दुसरा डोझर दोन मैलांवर होता. निकम उठून निघाला. मी चहाचा मग घेऊन तंबूतून बाहेर आलो तर तो डोझरपाशी पोचलेला. त्यानं टॉर्च मारून सीट बघितली. मग हातमोजा काढून सीटवर हात फिरवला. काळोखात दिसला नसेल तर हाताला लागेल म्हणून. कडी तीनदा ओढणारा माणूस. पाना नव्हता, म्हणून तो चढला."

आप्पांनी मागे बांधलेले हात सोडले.

"मी ओरडलो. पळालो. दोनशे पावलं असतील. इंजिन सुरू झाल्यावर त्याला काय ऐकू येणार? पहिल्याच वळणावर गेला."

"पण तुम्ही तर..." प्रबोधचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही आयुष्यभर सांगत आलात, पाना सीटवर होता म्हणून."

"चौकशीत साहेबांनी विचारलं, पाना सीटपे था? मी बावीस वर्षांचा होतो. नोकरी नवी, गावाकडे म्हातारी आई. मी म्हटलं, था, साब. दोन शब्द. पुढचं सगळं त्यांनीच लिहिलं. पाना होता आणि नंतर सापडला नाही, म्हणजे निकमनंच फेकला असणार. पूजेतल्या ढीगभर हत्यारांत तो कुणाच्या लक्षात राहिला नव्हता, आणि मी तो ट्रंकेत दडवला होता."

"आणि आम्हाला? आम्हाला कशाला सांगत होतात ती गोष्ट?"

"खोट्याला टेकू लागतो, दादा. रोज एक लावला की ते उभं राहतं."

प्रबोध हसला, पण ते हसू नव्हतं. "तो टेकू मी होतो. दहावीत होतो मी, आप्पा. अख्ख्या चाळीसमोर. मी तेव्हापासून प्रत्येक मेल चार वेळा वाचून पाठवतो, माहितीये तुम्हाला? निकम होऊ नये म्हणून!" तो बहिणीकडे वळला. "आईला माहीत होतं. तुला माहीत होतं. मला का नाही सांगितलंत?"

"मला धीर झाला नाही, दादा," शुभदा म्हणाली.

विनीता गॅस बंद करून आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली. एरवी ती सासऱ्यांची बाजू घ्यायची, प्रबोध चिडला की तिथल्या तिथे त्याला गप्प करायची. आज तिनं प्रबोधच्या पाठीवर हात ठेवला आणि आप्पांकडे पाहिलं नाही. आप्पांनी ते पाहिलं. बरोबरच आहे, त्यांना वाटलं. ही मुलगी नेहमी बरोबरच वागते.

"प्रणिता," ते म्हणाले, "मी तुझ्या आजोबांना एकदा चुकून मारलं, आणि एकदा जाणूनबुजून. पहिल्याची माफी देव देईल कदाचित. दुसऱ्याची मी कुणाकडे मागू ते मला कळत नाही."

प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "माझ्याकडे नका मागू," ती म्हणाली. "मी कोण? हे सगळं मला नका सांगू." तिनं मोबाइल काढला. "आजी वाट बघतेय."

"आत्ता नको," प्रबोध म्हणाला. "म्हाताऱ्या आहेत त्या. काही झालं बिलं तर?"

"सर, तिला चोपन्न वर्षं काही झालं नाही," प्रणिता म्हणाली आणि तिनं कॉल लावला.

पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग एक कान, मग फोन सरळ झाला. आजीचा, हौसाबाईंचा, चेहरा सुरकुतलेला होता, पण डोळे लख्ख. मागे भिंतीवर फौजी टोपीतला एक तरुण होता. आप्पांनी त्याला तात्काळ ओळखलं. त्याचं वय वाढलेलं नव्हतं.

"नमस्कार, वहिनी," आप्पा म्हणाले. "मी श्रीनिवास शिंगटे. फिटर."

"ठावं हाय की मला," हौसाबाई म्हणाल्या. "त्यांच्या पत्रात नाव असायचं तुमचं. शिंगट्या लई ग्वाड गातो म्हनून."

आप्पांना हे माहीत नव्हतं. निकम पत्रात आपल्याविषयी लिहीत असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. त्यांनी टेबलाचा काठ धरला.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. पान्याबद्दल."

"सीटवर नव्हता," हौसाबाई म्हणाल्या.

आप्पा फोनकडे झुकले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कुनी कशाला पायजे? त्यांनीच लिवलं हुतं, मशीन आजारी आसलं की फिटर पाना ठिवतो म्हनून. आन् ते गेले दसऱ्याच्या पहाटं. आवो, खंडेनवमीला समदी हत्यारं पूजेत असत्यात. मंग पाना सीटवर कसा ऱ्हाईल?" त्या कुणावर चिडून बोलत नव्हत्या. ठरलेला हिशेब पुन्हा एकदा मांडावा तसं बोलत होत्या. "पत्र घिऊन सुभेदार आले हुते, त्यास्नी म्या इचारलं. ते म्हनाले, बाई, मिल्ट्रीतलं तुमाला काय कळतं? सासऱ्यांना सांगितलं. ते म्हनाले, गप ऱ्हा, शोभा हुती. मंग पोराला सांगितलं. त्यानं बी ऐकलं न्हाय. मंग म्या गप बसले."

"पाना मी उचलला होता, वहिनी. पूजेसाठी. आणि चौकशीत मी खोटं बोललो."

मागे कुठेतरी म्हैस हंबरली. हौसाबाईंनी पदरानं डोळे नाही, फोनची काच पुसली, जणू समोरचा माणूस अजून नीट दिसायला हवा होता.

"चोपन्न वर्सं," त्या म्हणाल्या. "मला एक माणूस पायजे हुता, जो म्हनंल, हौसा, तुजं खरं हाय. एक."

"तुमचं खरं होतं," आप्पा म्हणाले. त्यांना रडू आवरेना. शहात्तर वर्षांचा जुना फौजी सुनेसमोर, नातीसमोर, लेकाच्या ऑफिसातल्या मुलीसमोर रडला. "तुमचंच खरं होतं, वहिनी."

"मला सांगून काय? मला ठावंच हुतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "लिवून द्या. तुमच्या हातानं लिवा, सही करा. माज्या पोराला द्यायचाय त्यो कागद. तिरपन्न वर्सांचा झालाय. बापाचा फोटू बाहीरच्या भिंतीला लावायला त्याला कागद लागतोय."

"लिहितो. आत्ता लिहितो. कंपनीलाही लिहितो."

आप्पा लगबगीनं पाटापाशी गेले. गुडघा टेकून वाकले. पान्याशेजारी त्यांचं पितळी टोपणाचं पेन होतं, हळद-कुंकू लागलेलं. त्यांनी हात पुढे केला. पाठीमागे प्रबोध उभा होता. तो पुढे आला नाही, पण त्यानं खोलीतून वही आणून वडिलांजवळ जमिनीवर ठेवली.

प्रणितानं फोन त्यांच्याकडे वळवून धरला होता. हौसाबाईंना पाट दिसला, लाल कापड दिसलं, झेंडूची फुलं दिसली आणि मधोमध तो काळा पाना. त्या कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"शिंगटेभावजी, हात मागं घ्या," त्या म्हणाल्या. "पूजेतलं उचलू नका. तवा उचलायचा नव्हता त्यो उचललात. आज खंडेनवमी हाय."

आप्पांचा हात पेनावर तसाच थांबला.

"उद्या लिवा," हौसाबाई म्हणाल्या. "मी थांबते."